पांढरीची बाई

रविवार, रात्रीचे अकरा. मिलान.

तासाभरापूर्वी नेपल्सहून परत आलो. हे आडवे होताच झोपले. मला झोप येईना, म्हणून वही काढली. उद्या सोमवार, कामाच्या रगाड्यात आजचं सगळं पुसट व्हायच्या आत लिहून ठेवते.

इथं राहायला येऊन तीन वर्षं होत आली. पॉम्पेई बघू, नेपल्स बघू असं पहिल्या वर्षापासून चाललं होतं. पण माझा जीव खरा अडकला होता तो तिथल्या नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियममधल्या एका हस्तिदंती बाईत. शाळेत असताना सरांनी सांगितलं होतं, "पोरींनो, आपल्या भोकरदनची एक बाई इटलीत आहे." सगळा वर्ग हसला होता. मला मात्र ती तेव्हापासून लागून राहिली.

काल पॉम्पेई पायाखाली घातलं. आज सकाळी दारं उघडताच म्युझियममध्ये. खालच्या मजल्यावर फार्नीसे घराण्याच्या संग्रहातले पुतळे आहेत. त्यातला हर्क्युलिस माणसाच्या दुप्पट उंचीचा, सगळी कामं उरकून सोट्यावर रेलून उभा राहिलेला, दमलेला. हे त्याच्या मागे गेले आणि मला हाक मारली, "अगं, इकडून बघ." पाठीमागे नेलेल्या हातात सफरचंदं होती. समोरून नुसता थकवा दिसतो, त्यानं काय मिळवलं ते मागून गेल्यावर कळतं. यांचं हे मला फार आवडतं. कुठलीही वस्तू मागून बघितल्याशिवाय सोडत नाहीत.

अलेक्झांडरच्या मोझेइकपाशी मी थांबले नाही. खरं सांगायचं तर वरच्या दालनांतही माझं लक्ष नव्हतं.

ती आहे 'गुप्त दालना'त. पॉम्पेई आणि शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये सापडलेली शृंगारिक चित्रं, मूर्ती, दिवे असं सगळं तिथं ठेवलंय. वर्षानुवर्षं हे दालन कुलपात होतं, बायकांना तर आत मज्जावच होता. सगळ्यांसाठी कायमचं उघडलं ते 2000 साली. आत शिरताना मला अवघडल्यासारखं झालं, आणि ती दिसल्यावर वाईट वाटलं. आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्याला अंगावर फक्त दागिने ल्यालेल्या अशा किती बाया आहेत! शाळेच्या सहली जातात, म्हाताऱ्या आज्या नातवंडांना कडेवर घेऊन बघतात, कुणाला काही वाटत नाही. बरकतीची, भरल्या घराची बाई ती. तिला या खोलीत बघणं मला खटकलं, अजूनही खटकतंय.

ती एवढीशी आहे. जेमतेम वीतभर! इतकी वर्षं मनात मी तिला केवढी मोठी करून ठेवली होती. हस्तिदंत पिवळसर पडलाय, चिरा गेल्यात. पाय एकावर एक तिरपे टाकलेले, एक हात डोक्यामागे. दोन्ही बाजूंना तिच्या कमरेला येतील अशा दोन दासी, हातात शृंगाराचं सामान घेतलेल्या. मी सगळ्यात जास्त वेळ बघितले ते तिचे हात आणि पाय. हातभर बांगड्या, एकाला एक चिकटून. पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे. मला एकदम आमच्याकडे बाजाराला येणाऱ्या तांड्यावरच्या बंजारा आज्या आठवल्या, दंडापर्यंत पांढरे चुडे भरलेल्या. काचेच्या कडेनं मान वाकडी करून जेवढी पाठ दिसली तेवढी बघितली. पाठीवर लांब वेणी सोडलीय. जी बाजू कुणी बघेल न बघेल, तिथंही त्या कारागिरानं हात आखडला नाही.

1938 साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना ती पॉम्पेईतल्या एका घरात तुकड्यांत सापडली. त्यांनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि तेच नाव पडलं. पण हातात कमळ नाही, शेजारी हत्ती नाहीत; बरेच अभ्यासक आता तिला यक्षी म्हणतात. डोक्यातून खाली भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल नाहीतर एखाद्या चौरंगाचा पाय. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि ती राखेखाली गेली. म्हणजे त्याच्या आधीच कधीतरी आपल्याकडून निघालेली.

आपल्याकडून म्हणजे कुठून, यावरून मग आमची तिथंच हलक्या आवाजात जुंपली. यांचं आजोळ तेरजवळ. तेरच्या लामतुरे संग्रहालयात अशीच एक हस्तिदंती बाई आहे, ती यांनी लहानपणी बघितलेली. "तगर म्हणजे आमचं तेर. ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या जुन्या पुस्तकात नाव आहे. तगरचं कापड, मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जायची. भोकरदनचं नाव आहे का त्यात?" नाही, भोकरदनचं नाही. पण भोगवर्धनच्या, म्हणजे आमच्या भोकरदनच्याच, दानशूरांची नावं सांची-भरहूतच्या स्तूपांच्या दगडांवर कोरलेली आहेत. शिवाय 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला खोदकाम केलं, आणि तिथं मिळालेल्या मूर्तींशी तुलना करून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती भोकरदनची असल्याचं मांडलं. तिच्या पायाशी वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे आणि अफगाणिस्तानात बेग्रामला तशाच हस्तिदंती वस्तू निघाल्यात, म्हणून काहीजण तिला वायव्येकडची म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. मी यांना तेही सांगितलं. मग आम्ही दोघंही गप्प झालो आणि नुसते बघत राहिलो. तेरची असो, भोकरदनची असो, तिच्यापुढं उभी राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यांनी काही न बोलता माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला घेतली.

मला काय आठवत होतं ते लिहायलाच हवं. गाव बसतं ती पांढरी आणि पिकतं ती काळी. आमच्या घरावर माळवद होतं, मातीचं सपाट छप्पर. दरसाल मृगाच्या आधी आजोबा बैलगाडीतून पांढरीची माती आणायचे आणि माळवदावर पसरायचे. ती पाणी धरत नाही. त्या मातीत खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, बारीक रंगीत मणी निघायचे. आम्ही पोरं गाडी रिकामी व्हायच्या आत चाळून घ्यायचो. लाल मण्यांची माळ ओवून मी माझ्या बाहुलीच्या गळ्यात घातली होती. उरलेले मणी लिमलेटच्या गोळ्यांच्या डब्यात. ते कुणाच्या हातचे, किती जुने, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही. ज्या वस्तीतल्या कारागिरानं कदाचित ही बाई कोरली, ती वस्ती आम्ही दर उन्हाळ्यात डोक्यावर पसरून घेत होतो आणि तिच्याखाली झोपत होतो.

गाडीत बसल्या बसल्या मायला फोन लावला. तिकडं साडेआठ वाजून गेले होते.

"कामून गं, रडलीस का?"

"नाही गं. माय, माझा मण्यांचा डबा कुठं आहे?"

"कोणता डबा? माळवद पाडलं तवा लई काही गेलं बाई. कोनाड्यात व्हता का?"

"हो, चुलीच्या वरच्या."

मागून दादांचा, माझ्या वडिलांचा, आवाज आला, फोन इकडं दे म्हणून. मी त्यांना बाईचं सगळं सांगितलं, बांगड्या, वाळे, वेणी. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, खोदकाम चाललं होतं तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते, शाळा बुडवून बघायला जायचे, आणि साहेब लोक मातीवरून कुंचला फिरवताना बघून पोरांना नवल वाटायचं. त्यांनीही त्या दिवसांत दोन मणी खिशात घालून आणले होते.

"आन् माळवदाची माती कुठं टाकली, दादा?"

"परसात हाय की ढीग. स्लॅब टाकला तवापासून तिथंच. तुझ्या मायनं त्याच्यावर दोडक्याचा वेल सोडलाय."

दिवाळीत जायचंय. तोवर ढिगाला हात लावू नका म्हणून सांगितलंय.