घर उचललं तेव्हा तडे गेले का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: गेला, एक. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलाय, नख जेमतेम शिरेल एवढा. पुराला कंटाळून आम्ही अख्खं घर जॅकवर सव्वा मीटर उचलून घेतलं, हे कळलं की पहिला प्रश्न हाच येतो. तो तडा दाखवला की माणसं जरा हिरमुसतात. बहुतेक त्यांना मोठी पडझड बघायची असते.

उंचीमुळे घर तडकत नाही, ते कमी-जास्त उचललं गेलं की तडकतं. सगळ्या भिंती एकदम आणि सारख्या वर गेल्या तर त्यांना पत्ताही लागत नाही. पण एक कोपरा थोडा जरी पुढे गेला की वीटकामाला ताण बसतो, आणि वीट दाब कितीही सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही.

म्हणून सुरुवातीचे कितीतरी दिवस घर जागचं हलतच नाही. नळ, सांडपाण्याचा पाइप, वीज आधी तोडून ठेवायची. मग जोत्याच्या पातळीला भिंतीखालचं बांधकाम तुकड्यातुकड्याने फोडायचं, तेही सलग नाही, एक टप्पा सोडून एक. मोकळ्या जागेत लोखंडी चॅनल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी तुळई, सरकवायचा, त्याखाली जॅक बसवायचा, तो भार घेतोय याची खात्री झाली की शेजारचा तुकडा फोडायचा. असं करत करत एका संध्याकाळी घर पायापासून सुटलं होतं आणि आम्हाला कुणी सांगेपर्यंत कळलंही नव्हतं.

उचलणं बघण्यासारखं होतं. मिस्त्री शिट्टी वाजवायचे, प्रत्येक जण आपल्या वाटणीच्या जॅकला पाव फेरा द्यायचा आणि हात काढून उभा राहायचा. पुन्हा शिट्टी. जॅकच्या दांड्यावर खडूची खूण होती, म्हणजे कुणी उत्साहाने जास्त फिरवला तर लगेच दिसावं. मधे थांबून चारही कोपऱ्यांना लेव्हल पाइप लावायचा, म्हणजे पाणी भरलेली साधी पारदर्शक नळी. ज्याच्या भीतीने घर वर चाललं होतं, त्यालाच विचारून ते सरळ जातंय का हे ठरत होतं. तडा पडला तो एका जॅकखालची माती भुसभुशीत निघाली म्हणून. भिंत वर ढकलायचं सोडून तो स्वतःच खाली बसला. बोटभरसुद्धा नाही, पण खिडकीच्या कोपऱ्याला तेवढं पुरलं.

हे काम नवीनही नाही. 1900 च्या वादळाने अमेरिकेतलं गॅल्व्हेस्टन उद्ध्वस्त झालं, त्यानंतर तिथे समुद्राच्या बाजूला भिंत बांधली आणि दोन हजारांहून जास्त इमारती उचलून त्यांच्याखाली वाळूचा भराव केला. त्यात सुमारे 3,000 टनांचं एक चर्चही होतं, 700 जॅकवर. आमच्या घराबद्दल कुणी फार डोळे मोठे केले की मी हे चर्च पुढे करते.

घर उचलण्याआधी आम्ही सगळे करतात तेच केलं होतं, आतली जमीन भराव टाकून वर घेतली. जमीन वर आली, छप्पर तिथेच राहिलं, आणि उंच माणसांची डोकी चौकटीला आपटू लागली. भिंतीतली ओल तर जशीच्या तशी.

उंची किती ठेवायची याचं उत्तर भिंतीवरच असतं. जुन्या पुराचा डाग दिसतो, त्याच्या वर निदान फूट-दीड फूट तरी हवं, कारण पुढचा पूर त्याच डागाला थांबेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. पण प्रवाहाच्या तोंडावर घर असेल तर मी उचला म्हणणार नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि पायाखालची माती वाहून गेली की घर किती उंच आहे याला अर्थ उरत नाही. आमच्याकडे पाणी हळूहळू चढतं, तसंच उतरतं, म्हणून जमलं.

खरी भांडणं झाली ती घर वर गेल्यावर, खाली मोकळ्या झालेल्या जागेवरून. एवढी जागा रिकामी बघवत नाही कुणाला. भिंती बंद करा, खोली काढा, निदान गोदाम तरी! आता हिशेब बघा. बंद भिंतीला बाहेरून एक मीटर पाणी लागलं की दर मीटर लांबीवर सुमारे 500 किलो जोर येतो. दोन मीटर लागलं तर 2,000. म्हणून ती जागा बंद करायचीच असेल तर समोरासमोरच्या भिंतींना जमिनीलगत भोकं ठेवायची, पाणी एकीकडून आत यावं, बाहेर उतरलं की आतलंही निघून जावं. आम्ही जाळ्या लावल्या आहेत. आणि तरीही, पूर आला की आम्ही घरात बसून राहत नाही. घर कोरडं असतं, पण जिना पाण्यात असतो.

दर पावसाळ्याच्या आधी मी त्या जाळ्या साफ करते. गेल्या खेपेला एकीच्या मागे जुना गालिचा गुंडाळून ठेवलेला सापडला. कुणी ठेवला ते घरात अजून कुणी कबूल केलेलं नाही.