इंडियाना जोन्सचा चाबूक: विणकाम नंतर बघा, आधी पोटात काय आहे ते विचारा (कोल्हापूर अपडेट)

मंडळी, सिनेमातल्या इंडियाना जोन्सच्या पोशाखातली हॅट झाली, जॅकेट झालं, आता चाबूक. बऱ्याच जणांनी विचारलेलं की कुठला घेतला, किती फुटी, कोल्हापुरात असलं काय मिळतं का, तर प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच सगळं लिहितोय. थोडं लांबणार आहे. हॅट आणि जॅकेट नुसतं अंगावर चढवायचं असतं पण चाबूक चालवायचा असतो, त्यात काही कमी असलं की ते लगेच हाताला कळतं. भिंतीवर टांगायला घेणाऱ्यांचं गणित वेगळं आणि ते त्यांच्या जागी बरोबरच आहे, मी लिहितोय ते वाजवणाऱ्यांसाठी.

आधी मूळ वस्तू काय होती ते बघू. १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' ह्या पहिल्या सिनेमासाठी चाबूक दिले ते अमेरिकेतल्या डेव्हिड मॉर्गन यांनी. कांगारूचं कातडं, १२ पेडी विणकाम, ८ इंची मूठ, मुठीच्या बुडाला विणलेली गाठ आणि तिथंच मनगटात अडकवायचा फास. त्यांच्याकडं ह्या पॅटर्नला ४५० सिरीज म्हणायचे, त्यामुळं आपल्यात कुणी नुसतं 'चारशेपन्नास' म्हणालं की हाच समजायचा. सिनेमात प्रसंग बघून वेगवेगळ्या लांबीचे वापरलेत, पण सगळ्यांच्या डोक्यात बसलाय तो १० फुटी, गुंडाळी करून कमरेला अडकवलेला.

आता लांबीची मेख. बुलव्हिपची, म्हणजे ह्या जातीच्या लांब विणलेल्या चाबकाची, लांबी मोजतात ती मुठीच्या बुडापासून विणकाम संपतं तिथंपर्यंत. त्याच्या पुढं जी एकेरी वादी असते, जिला फॉल म्हणतात, ती आणि टोकाची दोऱ्याची शेपटी म्हणजे क्रॅकर, ह्या दोन्ही त्यात धरत नाहीत. म्हणजे १० फुटी चाबूक जमिनीवर पसरला की १२ फुटाच्या वरच जातो. स्वस्तातले विकणारे बरेचदा सगळं धरून आकडा सांगतात, म्हणून विचारताना "विणकाम किती फूट?" असंच विचारायचं, नाहीतर १० म्हणून साडेसात-आठ फुटाचा घरी येतो.

कांगारूच का, ह्यावर मी वाचून होतो पण डोक्यात शिरलं ते कोल्हापुरातल्या सुभाषनगरात. आमच्या घरच्या चपला ज्या मामांकडं होतात त्यांच्याकडं जाऊन बसलो. कोल्हापुरी चपलेवर जी बारीक वेणी असते ती वाद्या कापून हातानं विणलेली असते, त्यामुळं पेड, ताण, कातड्याची कड ह्या गोष्टी ह्या लोकांना चाबूक न बघताही कळतात. मी विचारलं, "मामा, बारीक वादी काढायची तर कातडं कुठलं?" तर म्हणाले, "शेरडाचं घे की. म्हशीचं तळाला. पर ध्यानात ठेव, लई पातळ केलं की त्याचा जीव जातोय." आणि खरी गोष्ट हीच आहे. गाईम्हशीच्या कातड्यात तंतू वरखाली एकमेकांत गुंतलेले असतात, कातडं तासून पातळ केलं की ते तंतूच कापले जातात आणि ताकद झपकन उतरते. कांगारूच्या कातड्यात तंतू बहुतांशी पृष्ठभागाला समांतर पडलेले असतात, म्हणून ते तासून कागदापेक्षा थोडंच जाड ठेवलं तरी वादी ओढ सहन करते. त्यामुळंच १२, १६, २४ पेडीपर्यंत विणता येतं. जाड कातड्यात एवढे पेड घातले की चाबूक नुसता फुगतो. मामांना मी कांगारूच्या वादीचा एक तुकडा दिला होता, त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन जोरात ताणला, दाताखाली धरून बघितला, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसतं उलटसुलट करत राहिले. शेवटी म्हणाले, "हे असलं आपल्याकडं मिळंल काय रं?" एका कारागिराचा दुसऱ्या मालाला मिळालेला तो मान होता, मला लई भारी वाटलं.

आता ह्या सगळ्या पोस्टमधला महत्त्वाचा भाग. माझ्या एका मित्रानं ऑनलाइन मागवलेला एक 'ओरिजिनल मूव्ही रेप्लिका' चाबूक होता, कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे. दिसायला झकास, रंग बरोबर, मूठ बरोबर, गाठ बरोबर. पण वाजायचाच नाही, फेकला की ओल्या कासऱ्यासारखा जमिनीवर पडायचा. मित्रच म्हणाला कापून बघूया. मामांनी रापी (कातडं कापायचं हत्यार) घेतली आणि मुठीपासून टोकापर्यंत उभा चिरला. आत काय निघावं, मुठीत लाकडाचा दांडका आणि तो संपला की थेट काथ्याची दोरी, तिच्यावर चिंध्या गुंडाळलेल्या, बस. मूठ आणि पुढचा भाग ह्यांना जोडणारं काहीच नाही म्हणून तिथंच तो हिंदकळायचा. वरच्या वाद्या म्हणजे कातड्याचा खालचा भुसभुशीत थर आणि त्यावर रंगाचा पापुद्रा. मामांनी एक वादी बोटात धरून ओढली तर तुटली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जाडी सुरुवातीला जेवढी तेवढीच जवळपास शेवटपर्यंत.

चांगल्या चाबकाच्या पोटात चाबूकच असतो. म्हणजे मुठीत स्टीलची सळई, तिच्यापुढं कातड्याचा निमुळता गाभा, त्यावर चार किंवा जास्त पेडांचं पहिलं विणकाम, ह्यालाच बेली म्हणतात, त्यावर निमुळती कापलेली कातड्याची पट्टी घट्ट लपेटलेली, त्यावर अजून एक बेली, परत पट्टी, आणि मग कुठं आपल्याला दिसतं ते वरचं १२ पेडी विणकाम. प्रत्येक थर वेगवेगळ्या ठिकाणी संपतो आणि पुढं जाईल तसे वरचे पेडही कमी करत आणतात, त्यामुळं जाडी एकसारखी उतरत जाते, कुठंच पायरी लागत नाही.

हे नुसतं कारागिरी दाखवायला नाही. हाताच्या झटक्यानं जो लूप, म्हणजे वळसा, तयार होतो तो चाबकावरनं पुढं धावतो, पुढं पुढं वजन कमी होत जातं म्हणून वेग वाढत जातो, आणि टोकाशी तो आवाजाच्या वेगाच्या पुढं जातो, सेकंदाला साधारण ३४० मीटर. जो 'फाट्' आवाज येतो तो छोटा सॉनिक बूम असतो, कातड्यावर कातडं आपटल्याचा नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत हायस्पीड फोटो काढून हे तपासलेलं आहे आणि २००२ मध्ये गोरिएली आणि मॅकमिलन ह्या दोघांनी गणित मांडून दाखवलं की आवाज होतो तो ह्या धावणाऱ्या लूपमुळं. आता विचार करा, लूप काथ्या आणि चिंध्यातनं कसा धावणार, मध्येच मरतो तो. निमुळतेपणा नाही तर चाबूक नाही, रंग कितीही सिनेमातला असू दे.

तर मी शेवटी काय घेतलं. नवीन कांगारूचा म्हटलं की काहीशे डॉलरची गोष्ट, ते मला आत्ता झेपणारं नव्हतं. पुण्यातल्या एका संग्राहकाकडं वापरलेला ८ फुटी निघाला, कांगारू, १२ पेडी, आत दोन बेली. १० फुटीचा मोह खूप होता हे खरं, पण शिकायला लांब चाबूक जड जातो, फेक चुकली की गुंडाळी आपल्याच अंगावर येते, आणि कमरेला लावला की ८ आणि १० फुटीतला फरक फोटोत फारसा कळतही नाही. माझं स्पष्ट मत, पहिला चाबूक ६ किंवा ८ फुटी घ्या, १० फुटी दुसरा.

घ्यायच्या आधी त्यांच्या टेरेसवर बसून निवांत तपासला. जमिनीवर सरळ टाकून तळहातानं गोल फिरवला, तर कुठं उड्या मारत नाही ना, वाकडा पळत नाही ना. मग मुठीच्या पुढं हात-दीड हात अंतरावर धरून वाकवला, कमान एकसारखी आली पाहिजे, एखाद्या जागी टोक पडलं तर आत काहीतरी तुटलंय किंवा पोकळ आहे. मग डोळे मिटून अंगठा आणि बोटात धरून बुडापासून टोकापर्यंत हळूहळू सरकवला, पेड कमी केलेल्या जागा बोटाला लागल्या नाहीत हे बघून तिथंच माझं निम्मं ठरलं. पेडांच्या मधे फट नको, आतला थर दिसायला नको. मूठ पिळून बघायची, विणकाम आत फिरलं तर सोडून द्या. फॉल कसा बांधलाय तेही बघा, तो गाठीनं बांधलेला असतो आणि झिजला की बदलायचा असतो, शिवलेला किंवा चिकटवलेला असेल तर तो चाबूक वापरासाठी बनवलेलाच नाही. वास घ्या, खरंच घ्या. तेल-चरबी मुरलेल्या कातड्याचा वास रंगाच्या वासापेक्षा वेगळा कळतो.

नवीन मागवणार असाल तर बनवणाऱ्याला वरचं विणकाम चढवायच्या आधीचे बेलीचे फोटो मागा. चांगला माणूस आनंदानं पाठवतो, बरेच जण तर प्रत्येक चाबकाचे काढूनच ठेवतात. जो टाळाटाळ करतो त्याचा नाद सोडा.

सध्या प्रॅक्टिस चालू आहे कागलकडं आमच्या मळ्यात, बांधाजवळ गवताचा एक मोकळा तुकडा आहे तिथं. डांबर, मुरूम, ऊस तुटलेलं रान, हे सगळं टाळायचं, फॉल आणि टोकाचं विणकाम खरवडून निघतं. मर्दानी खेळ खेळणारा एक दोस्त आहे, त्यानं पहिल्याच दिवशी चुन्यानं गोल आखून दिला, त्या गोलात दुसरं माणूस पाय टाकणार नाही हा नियम. गोल म्हणजे चाबूक फॉलसकट, अधिक हात, अधिक थोडी जागा, आणि मागची बाजू पण मोजायची कारण चाबूक आधी मागं जातो. डोळ्याला गॉगल, पूर्ण बाहीचा शर्ट, आणि हॅट आहेच आपल्याकडं, ती इथं खरोखर कामाला येते.

साधी फॉरवर्ड क्रॅक, म्हणजे समोर फेकून वाजवणं, आता बसलीय. जोर लावला की बिघडतं आणि सैल सोडून वेळेवर थांबवलं की वाजतं, हे सगळे सांगतात आणि हातालाही तसंच येतं. २००८ च्या चौथ्या सिनेमासाठी इंडियाना जोन्स साकारणाऱ्या हॅरिसन फोर्डची तयारी करून घेणारे अँथनी डी लाँगिस हेच धावत्या लूपचं तंत्र शिकवतात, त्यांचे व्हिडिओ स्लो करून बघा. चाबकाला एक नैसर्गिक बाक असतो तो पण ओळखा, गुंडाळी ज्या बाजूला आपोआप पडते त्याच बाजूनं वाजवायचा, उलट्या बाकानं चालवलं तर आतले थर दमतात. आणि फांदीला गुंडाळून लोंबकळायचं कुणी मनात आणत असेल तर आणू नका. पडद्यावर त्यामागं स्टंटची तयारी असते, आपल्याकडं फक्त चाबूक आणि कंबर असते.

क्रॅकर भरपूर लागतात. गवंड्याची नायलॉनची लाईनदोरी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती दुहेरी पिळून, गाठ मारून, टोक पिंजून घेतलं की मस्त क्रॅकर होतो आणि अगदी किरकोळ पैशात. फॉल मात्र मामांनी करून दिला. म्हशीच्या, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्यातनं अडीच फुटी निमुळती वादी काढली, कडा तासल्या. सुरुवातीला ताठ होती, चरबी चोळून चोळून वळायला लागली, आता आवाज मूळ फॉलपेक्षा थोडा जड येतो पण गवतावर टिकते जबरदस्त.

पावसाचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडं जून ते सप्टेंबर कातड्याचा वैरी आहे. ओल्या गवतावर चाबूक चालवायचाच नाही. कपाटात बंद करून ठेवला की बुरशी धरते, म्हणून मी तो हवेशीर खोलीत मोठ्या सैल गुंडाळीत ठेवतो, रुंद लाकडी खुंटीवर. खिळ्यावर नाही, आणि मनगटाच्या फासाला लटकवून तर नाहीच, सगळं वजन एका जागी येतं. आठवड्यातनं एकदा कोरड्या सुती फडक्यानं पुसतो. बुरशीचा ठिपका दिसला तर बाहेर नेऊन पुसायचा आणि सावलीत वारा द्यायचा, उन्हात टाकला की कातडं तडकतं. कंडिशनर अगदी बोटभर, तेही पेड कोरडे वाटले तरच. जास्त पाजलं की वाद्या ताणतात आणि विणकाम सैल पडतं.

पुढचं काम ठरलंय. मामांबरोबर बसून शेरडाच्या कातड्याचा एक ६ फुटी करायचा, आत चार पेडी एक बेली, वर ८ पेडी. वाद्या कापायला मामा, विणायला मी आणि त्यांची सून, जिचा वेणीवरचा हात मी आजवर बघितलेल्यात सगळ्यात घट्ट आहे. विणताना वाद्या सरकायला साबण आणि चरबी शिजवून लावतात, त्याचं प्रमाण आणि शेरडाच्या वादीची रुंदी मुठीपाशी किती ठेवावी ह्याबद्दल कुणी स्वतः केलं असेल तर फोटोसकट सांगा. कातडं पसंत करून ठेवलंय, दिवाळीनंतर कापायला घेतोय.