मुल्की, तिसरी फेरी: बोर्डाचं नाक वर राहिलं!

सर्फबोर्डावर उभा राहिलो, मंडळी! फेसात नाही, न फुटलेल्या हिरव्या लाटेवर. कर्नाटकात मुल्कीजवळच्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर, रविवारी सकाळी सातच्या सुमारास. मोबाईलवरच्या चित्रीकरणात मोजलं, पाच सेकंद भरले.

माझं दुखणं तुम्हाला माहीत आहेच. फेसात दहातले आठ पॉप-अप (बोर्डावर पालथं असताना एका झटक्यात उभं राहणं) जमायचे, आणि हिरवी लाट आली की नोजडाइव्ह, म्हणजे बोर्डाचं नाकच पाण्यात घुसायचं. फेब्रुवारीत बोर्डावर चार बोटं मागं सरकून पाहिलं, तर लाटच सुटायला लागली. पुन्हा पुढं सरकलो की नाक पाण्यात. हातांनी जोरात पॅडल केलं, उशिरा उठलो, लवकर उठलो, सगळं करून झालं. या फेरीचे शुक्रवार-शनिवारही तसेच गेले. शनिवारी दुपारी तर बोर्ड विकून टाकायचं मनात आलं होतं.

दोष सापडला तो दंडात. शिवाजी पेठेतल्या तालमीत मी पंधरा वर्षं दंड मारलेत. दंडात हात खांद्यांच्या पुढं असतात आणि छाती जमिनीला घासत पुढं जाते. ते अंगात इतकं मुरलंय की पॉप-अपलाही मी हात पुढं टाकून छाती पुढंच ओढत होतो. उतारावर असताना सगळं वजन नाकावर गेल्यावर दुसरं काय होणार? फेसात ते खपून जायचं, कारण तिथं उतारच नसतो, पाणी मागून ढकलत राहतं.

शिकवणारा पोरगा मच्छीमाराच्या घरातला, वीस-एकवीसचा. त्यानं शनिवारी संध्याकाळी वॅक्सच्या (पाय घसरू नये म्हणून बोर्डाला घासतात ते मेण) वडीनं बोर्डावर दोन आडव्या रेघा मारल्या, बरोबर माझ्या शेवटच्या बरगड्यांजवळ. म्हणाला, "हाथ इधर. इसके आगे नहीं. और नीचे मत देखो." मग वाळूत बोटानं बोर्ड आखला आणि अंधार पडेपर्यंत तेच करत बसलो. हात बरगडीशी, छाती सरळ वर, पाय खाली ओढून घ्यायचे, नजर किनाऱ्यावरच्या माडांवर.

रविवारी पहिल्या चार लाटा गेल्या. पाचवीला बोर्डाखालची पाण्याची फडफड एकदम थांबली आणि बोर्ड आपोआप घसरायला लागला. तेवढ्यात हात बरगडीशी गेले. पुढचा पाय मधोमध पडला. नाक पाण्याच्या वर होतं!

वाराही साथीला होता. पहाटे जमिनीकडून वाहतो, लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. दहानंतर समुद्राकडून फिरला की सगळी खिचडी. पावसाळ्यानं पाण्याखालचा वाळूचा दांडा मात्र पार हलवलाय. फेब्रुवारीत बसायचो तिथं आता लाट फुटतच नाही. ओहोटीला शांभवी-नंदिनीच्या मुखापासून लांब राहा, ओढ जबरदस्त आहे.

वॅक्सचं सांगायलाच हवं. ऑनलाइन एका दुकानदारानं ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण पाण्याचं, सांगून थंड पाण्याचं वॅक्स पाठवलं. ते मुळात मऊ. अरबैल घाट उतरून अंकोल्याला पोहोचेपर्यंत त्याचं तूप झालं आणि बोर्डाच्या पिशवीला आतून लागलं. पाकीट उघडून नखानं दाबून बघा. आपल्याकडं वडी कडकच हवी.

मुक्काम मागच्या वेळच्याच घरी. मालकीणबाई कोकणी बोलतात, त्यामुळं माझ्या मराठीवर भागतं. शेजारी सगळे तुळू. सकाळी पाण्यातून आल्यावर नीर डोसा आणि बांगड्याची पुळीमुंची, म्हणजे आंबट-तिखट कालवण. रात्री कोरी रोट्टी, म्हणजे कुरकुरीत तांदळाच्या रोट्टीवर कोंबडीचा रस्सा. तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस सांगतोय, हा रस्सा त्याच्या तोडीचा आहे. संध्याकाळी बप्पनाडूच्या दुर्गापरमेश्वरीला जाऊन आलो. देऊळ बप्पा नावाच्या मुसलमान व्यापाऱ्यानं बांधलं असं तिथं सांगतात. देवीचा ढोल तिथं प्रसिद्ध आहे.

पुढचं. साडेसात फुटी बोर्ड घ्यायचं ठरवलं होतं, ते रद्द. आठ फुटी सॉफ्टटॉपवर (वरून मऊ फोमचं बोर्ड) अजून एक मोसम काढायचा. महाबलीपुरमचा बेतही पुढं ढकलतोय. आणि हे लिहितानाच सुचलं: तालमीतल्या गादीवर खडूनं तशाच दोन रेघा मारता येतील. वस्तादांना विचारतो. दंड सोडायचे नाहीत, पण दंडांनंतर रोज वीस पॉप-अप, म्हणजे अंगाला दोन्हींतला फरक कळेल.

जानेवारीत पुन्हा मुल्कीच. कोल्हापुरातून कुणी गाडी काढणार असेल तर टपावर एका बोर्डाची जागा ठेवा, निम्मं डिझेल माझं.