तुम्ही विचारलंत म्हणून: नानकटाई पसरते का?

दिवाळीच्या फराळाची तयारी सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो: घरची नानकटाई ओव्हनमध्ये पसरून चपटी का होते, बेकरीतल्यासारखी फुगून वर चिरा का पडत नाहीत? बहुतेकजण सोडा कमी पडला असं समजून पुढच्या वेळी तो वाढवतात. मग गोळा भराभर फुगतो, तितकाच खाली बसतो आणि जिभेवर साबणासारखी चव मागे राहते. सोड्याचा दोष क्वचितच असतो. बघायचं ते तूप.

तूप थिजलेलं, रवाळ हवं. बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायला हवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात बरणीतलं तूप पातळ झालेलं असतं. ते फ्रिजमध्ये थिजवा, मगच हात घाला, कारण पातळ तूप हवा धरून ठेवत नाही. 140 ग्रॅम तूप परातीत तळहाताने आठ-दहा मिनिटं फेसलं की पांढरं, हलकं होतं. त्यात 120 ग्रॅम पिठीसाखर घालून पुन्हा फेसा. दाणेदार साखर नको. ती ओव्हनमध्ये विरघळताना नानकटाई पसरते. बेकऱ्यांत बहुधा वनस्पती तूप असतं, ते साजूक तुपापेक्षा उशिरा वितळतं, म्हणून त्यांची नानकटाई सहज आकार धरते. चव मात्र साजूक तुपाचीच, त्यासाठी एवढी खटपट करावी.

200 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम बेसन, पाव चहाचा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळा, नाहीतर सोड्याचे तपकिरी ठिपके उठतात. 20 ग्रॅम बारीक रवा, वेलची, जायफळ मिसळा. हे सगळं तुपात घालून एक मोठा चमचा घट्ट दही घाला आणि बोटांनी नुसतं गोळा करा. कणकेसारखं मळलंत तर मैद्याला चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा गेलाच म्हणून समजा.

वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे रवा भिजतो. मग 20-20 ग्रॅमचे गोळे (साधारण 26 होतात) किंचित दाबून दोन बोटांच्या अंतरावर मांडा.

ओव्हन आधी 170 अंशांवर पूर्ण तापलेला हवा. कोमट ओव्हनमध्ये वरचा थर धरायच्या आत तूप वितळतं. आधी एकच नानकटाई भाजून बघा: पसरली तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा, भुगा झाली तर चमचाभर तूप.

पंधरा ते अठरा मिनिटांत तळ सोनेरी होतो, वरचा भाग फिकटच राहतो. तेव्हा ती मऊ लागते आणि इथेच घाई नडते: कडक होईपर्यंत आत ठेवली तर गार झाल्यावर दगड होते. बाहेर काढून दहा मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा, चिवड्याच्या डब्यात नको. तुपाला त्याचा वास लगेच लागतो.