तुम्ही विचारलंत म्हणून: त्या याद्यांचं होतं काय?

"काका, रोज सकाळी उठून त्या बर्माच्या कैद्यांच्या याद्या काय वाचता, कुठला हुकूमशहा घाबरलाय त्याला?" सोसायटीत विचारलं, साखरपुड्यात विचारलं, परवा तर दाढी करता करता न्हाव्यानेपण. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझी तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये गेली, आवक-जावक रजिस्टर, गठ्ठे, धूळ. म्हणून असेल, पण बर्माच्या, म्हणजे आताच्या म्यानमारच्या, जेलमधून सुटलेल्या राजकैद्यांनीच थायलंडच्या हद्दीत माए सोत गावात २००० साली संस्था काढली, एएपीपी (राजकैद्यांना मदत करणारी संघटना), आणि काम काय तर कोणाला कधी उचललं, कुठलं कलम लावलं, कुठल्या जेलात टाकलं ते लिहून ठेवायचं, हे कळलं तेव्हा ही माणसं एकदम आपल्या खात्यातली वाटली. ती काढणाऱ्यांतले बो ची तर स्वतः सात वर्षांच्या वर आत होते.

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात, १९०८ ते १९१४. त्यांना लावलेलं राजद्रोहाचं १२४-अ तिथे अजून आहे, कारण १९३७ पर्यंत बर्मा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, कायदा तोच राहिला. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली आणि दोन आठवड्यांत ते कलम आणखी ऐसपैस करून घेतलं, जोडीला भीती किंवा खोट्या बातम्या पसरवल्याचं नवं कलम ५०५-अ.

तर होतं काय. लष्करी राजवट वर्षानुवर्षं म्हणायची, आमच्याकडे राजकीय कैदी नाहीतच, आहेत ते सगळे गुन्हेगार. वारं जरा बदललं आणि २०१३ मध्ये तिथल्याच सरकारला उरलेले राजकीय कैदी कोण ते ठरवायला कमिटी नेमावी लागली, आणि या संस्थेला त्यात घ्यावं लागलं, नावं तिच्याकडे होती ना! तेरा वर्षं लागली, पण आपल्याकडे सातबाऱ्याच्या दुरुस्तीलासुद्धा कधी कधी तेवढी जातात.

ते दिवस टिकले नाहीत हे खरंय. २०२१ नंतरच्या अटका २०२५ पर्यंत २९ हजारांच्या पुढे गेल्या, आणि या फक्त खात्री केलेल्या नोंदी, खरा आकडा मोठा असणार हे संस्था स्वतःच सांगते. जुलै २०२२ मध्ये चौघांना फाशी दिली, प्रेतंही घरच्यांना दिली नाहीत. यादीत चौघांची नावं आहेत. मी ती वाचतो आणि मग चहा टाकतो.