चौदा ओळींचं बिल आणि पार्किंगमधले रविवार

फेब्रुवारीत सर्व्हिस सेंटरमधून गाडी घरी आली तेव्हा सोबत चौदा ओळींचं बिल होतं, एकूण १३,८६० रुपये. ते बिल सध्या आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकतंय. सवड मिळेल त्या रविवारी त्यातली एक ओळ निवडायची, गाडीत ती जागा उघडायची, लिहिलेलं काम खरंच झालंय का ते बघायचं, झालं नसेल तर स्वतः करायचं आणि ओळीवर काट मारायची. पाच महिन्यांत सहा ओळी झाल्या.

गाडी आठ वर्षांची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. वॉरंटी कधीच संपली, त्यामुळे तो धाक नाही. कंपनीचं आणि सेंटरचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा गाडी सोडून ब्रँडवर घसरते, हा आपल्या मंडळींचा अनुभव आहेच.

६१,७४० किमी. ओळ ५, ‘स्पार्क प्लग तपासणी व सफाई’

सगळी सुरुवात इथून झाली. सर्व्हिसनंतर जेमतेम तीनशे किलोमीटर झाले असतील, साताऱ्याहून येताना खंबाटकी घाटात गाडी आचके द्यायला लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता पेटलेला असेल तर सांभाळून घरी येता येतं. लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतंय. तो भाग जळला तर प्लगचा खर्च अगदी किरकोळ वाटेल. हळूहळू घरी आणली.

सेंटरने स्कॅनिंगचे ८५० घेतले आणि प्लगना ठिणगीची वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलायला सांगितल्या, अकरा हजार. मी विचारलं, “कितव्या सिलिंडरला प्रॉब्लेम आहे?” सल्लागार म्हणाला, “सर, सेटच बदलायचा असतो.” त्या एका वाक्यावर मी गाडी परत घेऊन आलो आणि पुढच्याच शनिवारी पुण्यातल्या बोहरी आळीत जाऊन तपारिया कंपनीचा गोटी पाना (सॉकेट) सेट घेतला.

गाडीने नोंदलेला दोषाचा कोड वाचणारा ब्लूटूथवाला रीडर साडेसातशेला मिळाला. स्टिअरिंगच्या खाली त्याचं सॉकेट असतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (इंजिनाचे दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर ते सापडणारच. कोड आला पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर. मग फुकटातली परीक्षा: दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करायची, कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. तो जागचा हलला नाही तर आधी प्लग बघायचा.

हलला नाही. सोळाची लांब गोटी आत घातली आणि जोर लावायच्या आधीच प्लग फिरला. दोन बोटांनी! बाकीचे तीन नीट घट्ट होते. म्हणजे ‘तपासणी’ झाली होती, प्लग बाहेरही काढला होता, फक्त आवळायचा राहिला. बिलातलं काम न करणं एक वेळ परवडलं, हे अर्धवट करणं जास्त महाग.

चार नवे प्लग, ९८० रुपये. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी: इंजिन पूर्ण गार हवं, कारण प्लग बसतो ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे जायची भीती. प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग रबरी पाइपच्या तुकड्यात खोचून हातानेच फिरवत बसवा. आटे तिरके लागले तर पाइप प्लगवरून घसरतो, पाना घसरत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. कॉइल जुन्याच आहेत, आजतागायत ठणठणीत.

(या निमित्ताने: ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा. पुढे अपिलं झाली. पण साडेसातशेच्या रीडरवर तो कोड वाचताना मला ते प्रकरण पहिल्यांदा नीट कळलं.)

ओळी ८, ९ आणि १२, एकाच दुपारी

केबिन फिल्टर ‘बदलला’, ५४० रुपये. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली लोंबतो, मागे फिल्टरचं झाकण. आत पिंपळाची चार वाळकी पानं आणि उंदराने कुरतडलेला कापूस. काट, लाल पेनाने. एअर फिल्टर मात्र नवा होता आणि बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिनही लावलेलं होतं. या दोन ओळींना हिरवी खूण. खरं ते लिहायला हवं.

६२,९१० किमी. ओळ ३, ‘पुढचे ब्रेक सफाई व ग्रीसिंग’, १,१५० रुपये

हे काम सगळ्यात जास्त आवडलं आणि सगळ्यात जास्त घाबरवूनही गेलं. ब्रेक दाबला की डावीकडून किर्र आवाज यायचा.

पहिला अडथळा चाकाचे नटच. एअर गनने असे आवळलेले की गाडीतला पाना वाकायला लागला. शेवटी पाइप जोडून, त्यावर उभा राहून सुटले. मॅन्युअलमध्ये आवळायच्या जोराचा आकडा ८५ न्यूटन मीटर आहे. रात्री हायवेवर पंक्चर झालं असतं तर बायकोने काय, मीही ते चाक काढू शकलो नसतो. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे आणि मगच जॅक लावायचा. जॅकनंतर घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड), मागच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

कॅलिपरचा, म्हणजे चाकामागच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, खालचा बोल्ट काढून तो वर उचलला. आतला पॅड तीन मिलिमीटर, बाहेरचा सहा. असा फरक दिसला की समजायचं, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्यात. कॅलिपरमधला पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढायला हवा, ते होत नाही. वरची पिन ओढायला मला दहा मिनिटं लागली. ती कोरडी होती, वर तांबूस गंज. तिला फेब्रुवारीत ग्रीस लावलं म्हणणाऱ्याने ते बिलालाच लावलं असावं.

ग्रीसबद्दल एक सांगतो, कारण मी स्वतः चुकणार होतो. घरात बेअरिंगचं पिवळं ग्रीस होतं, तेच घेऊन बसलो होतो. खालच्या मजल्यावरचे काका, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, कठड्याशी उभे राहून बघत होते. म्हणाले, “अरे, ते रबराला खातं. पिनांवरचे रबरी बूट फुगतील आणि पिना पुन्हा जाम होतील. सिलिकॉनचं आण.” नाना पेठेत ब्रेकचं ग्रीस दीडशेला छोटी ट्यूब मिळाली. पॅडही तिथूनच. दुकानदार मॉडेल विचारतच नाही: “चासी नंबर सांगा साहेब, मॉडेलवर गेलात तर दोन वेळा याल.”

पिस्टन सी क्लॅम्पने हळूहळू आत ढकलला. ते करताना बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष हवं, पातळी वर चढते आणि सांडलं तर रंग उडवतं. पॅड दोन्ही चाकांना जोडीनेच. आणि सगळं जोडून झालं की गाडी हलवण्याआधी पेडल दाबत राहायचं, घट्ट लागेपर्यंत. पहिल्या दाबाला ते सरळ तळाला जातं. माहीत असूनही पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून दहावर असे पंधरा-वीस मवाळ ब्रेक मारून पॅड बसवले. आवाज गेला.

६४,०५० किमी. ओळ १, ‘इंजिन ऑइल ३.५ लिटर’

मॅन्युअल म्हणतं, फिल्टरसकट ३.१ लिटर. तेल मोजायच्या पट्टीवर तेल वरच्या खुणेच्या बरंच वर होतं, ते फेब्रुवारीतच दिसलं होतं, पण तेव्हा मला पट्टी वाचायची फक्त हौस होती. जास्त तेल म्हणजे जास्त वंगण असं नसतं. इंजिनातला फिरता दांडा, क्रँक, त्यात बुडून फिरला की तेलाचा फेस होतो.

तेल खाली सोडायच्या, चेंबरच्या बोल्टचं डोकं गोल झालेलं, चुकीच्या मापाच्या पान्याने. ग्रिप प्लायरने काढला, नवा बोल्ट आणि तांब्याचा वॉशर मिळून ऐंशी रुपये. तेल काढलं, फिल्टर बदलला, ३.१ ओतलं, स्टार्टर मारला. चार सेकंदांत गाडीखालून काळा ओहोळ निघून सेक्रेटरींच्या स्कूटरकडे गेला.

जुन्या फिल्टरची रबरी रिंग (गॅस्केट) इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर बसवला. दोन रिंगा एकावर एक, दाब आला की निसटणारच. जुना फिल्टर हातात आल्यावर त्याची रिंग त्याच्यावरच आहे ना, हे बघायला दोन सेकंद लागतात. मी बघितलं नव्हतं. लगेच चावी फिरवून इंजिन बंद केल्यामुळे इंजिनला काही झालं नाही, पण जवळपास लिटरभर तेल फरशीवर. वखारीतून भुशाचं पोतं आणलं, रात्री साडेनऊपर्यंत झाडत होतो. सेक्रेटरींनी माझ्याकडे लेखी माफीपत्र मागितलं, ते मी सविस्तर लिहिलं, गॅस्केटच्या कारणासहित. काका म्हणाले, “आता झालास मेकॅनिक.”

जुनं तेल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला दिलं, त्यांच्याकडे गोळा करणारा येतो. गटारात किंवा कुंपणाच्या वाळवीला अजिबात ओतू नका, आमच्याकडे ही जुनी खोड आहे.

हिशोब विचाराल तर मी अजून तोट्यात आहे. गोटी सेट, टॉर्क रेंच, दोन घोड्या, सी क्लॅम्प, रीडर धरून हत्यारांवरच सव्वाचौदा हजार गेले, भुशाचं पोतं वेगळं. एअरबॅग, एसीचा गॅस आणि अलाइनमेंट मी करणार नाही, तिथे पैसे देऊन मोकळा होतो.

पुढची पाळी ओळ ४ ची, ‘मागचे ब्रेक ड्रम उघडून सफाई’. परवा चाक काढून नुसतं बघितलं. ड्रमवर आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी दोन भोकं आहेत, त्यात बोल्ट आवळत गेलं की ड्रम बाहेर ढकलला जातो. त्या भोकांमध्ये माती गच्च भरलेली होती. आणि ड्रम हबवर बसतो तिथे गंजाची बारीक रेघ आहे. टॉर्च लावून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली, कुठेही तुटलेली नाही.