आठ सेकंदांत काय मावतं

मी इंदूरला चिमणबागेच्या मैदानावर मुलांना फुटबॉलमधलं गोलकीपिंग शिकवतो. कडेला उभे राहणारे पालक मला दर मोसमाच्या सुरुवातीला एकच गोष्ट विचारतात. "सर, नियम बदलला की हे टीव्हीवरचे खेळाडू एवढी कुरकुर का करतात? पोटापाण्याचा धंदा आहे त्यांचा, चटकन जमायला नको?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जमायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नियम कळणं आणि नियम जमणं यात जे अंतर आहे, ते मी स्वतः भोगलंय.

१९९२ साली मी कॉलेजच्या संघात गोलकीपर होतो. त्याच वर्षी बॅकपासचा नियम आला. आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये संघ चेंडू मागे देऊन देऊन वेळ काढायचे, लोक विटले होते, त्यामुळे नियम योग्यच होता. मला तो तोंडपाठही होता. तरी एका सामन्यात, पावसाने मैदानाचा चिखल झालेला असताना, आमच्या फुल बॅकने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, चेंडू मागे दिला आणि मी वाकून उचलला. ओला चेंडू छातीशी घट्ट धरला तेव्हा कुठे लक्षात आलं. शिट्टी, समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (दुसऱ्या कुणाला चेंडू लागल्याशिवाय जिचा गोल धरत नाहीत ती), गोल. लहानपणापासून समोर आलेला चेंडू उचलायचा एवढंच शिकलेले हात, ते काही डोक्याला विचारून वाकत नाहीत. पुढचे दोन महिने मी रोज संध्याकाळी फुल बॅककडून नुसते बॅकपास मागून घेतले आणि पायाने परतवले, तेव्हा कुठे ती ओढ गेली.

२०२५-२६ च्या मोसमापासून पुन्हा गोलकीपरचीच पाळी आली. चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला, तर समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू मारायची संधी. आधी मुदत सहाच सेकंदांची होती आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची. पण गोलच्या तोंडाशी फ्री किक देणं फार जड वाटायचं, म्हणून रेफरी ती क्वचितच द्यायचे. आता शेवटचे पाच सेकंद ते हात वर करून बोटांनी मोजतात.

माझ्याकडे तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. सरावात मी हात वर करून "पाँच, चार" सुरू केलं (मैदानावर आमची मोजणी हिंदीतच होते) की त्याची नजर माझ्या बोटांवर खिळायची. "दो" ऐकलं की डोळे मिटल्यासारखा चेंडू भिरकवायचा, तो थेट समोरच्या फॉरवर्डच्या पायात. मी आठवडाभर "जल्दी, जल्दी" ओरडत राहिलो. मग लक्षात आलं, मी त्याला घाई शिकवतोय. त्याला हवी होती ती आधीची नजर. चेंडू हातात यायच्या आधीच डावी-उजवीकडे पाहून घ्यायचं, आणि त्याने चेंडू धरला रे धरला की दोन्ही फुल बॅकनी बाजूच्या रेषांकडे पळायचं. आता "चार" म्हणेपर्यंत चेंडू गेलेला असतो. नियम एका गोलकीपरसाठी आला, पण शिकावं लागलं अख्ख्या बचावफळीला.

हे काम व्यावसायिक खेळाडूने मोसमाआधीच्या सरावात करायचं असतं. त्याच्याकडे वेगळा गोलकीपिंग कोच आहे, व्हिडिओ आहेत, दिवसभराचा वेळ आहे. पहिल्याच सामन्यात कॉर्नर गेल्यावर तो रेफरीशी हुज्जत घालतो, तेव्हा मला मनापासून राग येतो, कारण माझी मुलं ते बघून तेच करतात. झटपट जुळवून घेणारेही झालेत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे आक्रमक खेळाडूने चेंडूच्या पुढे कुठवर थांबायचं याचा, नियम बदलला. त्याच्या आणि गोलच्या मध्ये समोरच्या संघाचे तीनऐवजी दोन खेळाडू असले तरी पुरेसं झालं आणि बचावफळ्या उघड्या पडल्या. त्या ऑक्टोबरमध्ये आर्सेनल न्यूकॅसलकडून ७-० हरलं. आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांनी लगेच मधल्या फळीतल्या सेंटर हाफला मागे खेचून तिसरा बचावपटू केला आणि संघ त्या मोसमात दुसरा आला.

एका बाबतीत मात्र मी खेळाडूंच्या बाजूचा. २०१९ चे नवे नियम १ जूनला लागू झाले आणि महिला वर्ल्ड कप सुरू झाला ७ जूनला! पेनल्टीच्या वेळी गोलकीपरचा निदान एक पाय रेषेवर हवा, असं ठरलं. कागदावर ही सूटच होती, कारण आधी रेषा सोडायचीच नव्हती. पण ते कुणी काटेकोर पाहत नसे आणि आता व्हीएआरचा, म्हणजे रेफरीचे निर्णय व्हिडिओवर तपासणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा इंच मोजत होता. पॅरिसमध्ये स्कॉटलंड अर्जेंटिनाविरुद्ध ३-० ने पुढे होतं, ते ३-२ झालं. भरपाईच्या वेळेत स्कॉटलंडची गोलकीपर ली अलेक्झांडर हिने पेनल्टी अडवली, पण पाय रेषेपुढे आला म्हणून ती परत मारायला लावली. ३-३, आणि स्कॉटलंड स्पर्धेबाहेर. इतक्या वर्षांची पुढे झेपावण्याची सवय सहा दिवसांत कुणाची सुटणार? पुढे त्याच स्पर्धेसाठी शूटआउटमध्ये (बरोबरी सुटावी म्हणून घेतलेल्या पेनल्टींमध्ये) या चुकीला पिवळं कार्ड द्यायचं नाही, असं नियमकर्त्यांनाच ठरवावं लागलं.

रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर या. दोन गोलांवर एकाच वेळी सराव घ्यायचा आहे आणि हात वर करून मोजायला मला आणखी एक माणूस हवा आहे.